हात राखून

माझी ओटी भरली तेव्हा माझ्या अंगावर पदर नव्हता.

भावाची खाकी हाफ पँट होती. वर बनियन. हातांत ग्लोव्ह्ज, आणि ग्लोव्ह्जच्या आत मायच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. मी रिंगमध्ये निळ्या कोपऱ्यात उभी होते. थोड्या वेळानं मला लढायचं होतं. समोर मंडप माणसांनी गच्च भरलेला. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता, त्यानिमित्त पोरांच्या बॉक्सिंगच्या लढती ठेवल्या होत्या आणि त्यांच्या मध्ये आमची एक, पोरींची. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. त्या शहरानं दोन पोरी एकमेकींना ठोसे मारताना याआधी पाहिल्या नव्हत्या. निदान तिकडं जमलेल्यांनी तरी नव्हत्या.

काकीसाहेब ताट घेऊन दोऱ्यांतून वाकून आत आल्या. काकीसाहेब म्हणजे प्रमुख पाहुण्यांची बायको. पाहुणे म्हणजे आबासाहेब, गंगापूरकडचे मोठे बागायतदार. ताटात तांदूळ, खण, नारळ, हळकुंड. काकीसाहेबांनी माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं आणि ओटी घालायला जागा बघू लागल्या.

"आगं बाई, हिला पदर कुठंय?"

माईक चालू होता. सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. मंडप हसला.

माझं लग्न झालेलं नव्हतं. कुवार पोरीची ओटी अशी कुणी भरत नाही. पण बाईमाणसाचा सत्कार करायचा म्हणजे ओटी भरायची, याच्या पलीकडं त्यांना काही सुचलं नसणार. कुणीतरी दोरीवरचा टॉवेल ओढून फेकला. पोरं घाम पुसायची, तो. सरांनी, मला बॉक्सिंग शिकवणाऱ्या सरांनी, तो माझ्या कमरेला बांधला आणि पुढची टोकं माझ्या हातात दिली. ओला टॉवेल, आंबट वास. त्यात तांदूळ पडले, खण पडला, नारळ पडला. ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी टॉवेलाचं टोक धरून बघा एकदा. धरता येत नाही. नारळ सुटला आणि फळ्यांवर ठकठक वाजत थेट लाल कोपऱ्यापर्यंत गेला. मंडप पुन्हा हसला. मी नारळामागं रांगत गेले.

लाल कोपऱ्यात वैशालीला फेटा बांधत होते. वैशाली म्हणजे आबासाहेबांची लेक, माझ्याशी लढणारी. आबासाहेब स्वतः फेट्याची शेव पाठीवर सोडत होते. मी गुडघ्यांवर, दोन्ही ग्लोव्ह्जमध्ये नारळ. तशीच वर बघत राहिले.

आमच्याकडं जत्रेत कुस्तीचा फड बघितलेलं शेंबडं पोरही सांगेल की फेटा जिंकणाऱ्याला बांधतात, आणि कुस्ती झाल्यावर बांधतात. इथं अजून घंटाही वाजली नव्हती.

त्यांची चूक झाली. साधी, घाईची चूक. लगीनसराई होती. आबासाहेबांना संध्याकाळच्या लग्नाला गंगापूरला पोचायचं होतं, लढत संपेपर्यंत थांबायला सवड नव्हती. म्हणून सत्कार आधीच उरकून घेतले. जिंकणारीला फेटा. हरणारीला ओटी, म्हणजे पोरीला सासरी वाटं लावताना देतात ते. निकाल ठरलेलाच होता, मग मागं-पुढं झालं तर काय बिघडलं, असंच त्यांना वाटलं असणार. आपण काय उघडं करून बसलो हे त्यांच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

हे लिहायला बसलेय ते कंपनीतून आल्यावर. पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत. चाळिशी कधीच ओलांडली. दिवसभर पॅकिंगच्या पट्ट्यापुढं उभं राहायचं, संध्याकाळी पोरींना शिकवायचं. दमते. राग यायलाही अंगात जोर लागतो, तो हल्ली जपून वापरते. पण परवा एक जण चहाला आला आणि तो फेटा, ती ओटी, तो नारळ, सगळं परत माझ्या पुढ्यात घरंगळत आलं. म्हणून सांगायचं.

आम्ही मेंढरंवाले. घर पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून, पत्र्याचं. माय आणि भाऊ तिथंच असायचे, बा आणि मी मेंढरांमागं. कापसाची वेचणी संपली, ऊस तुटला की शेतकरी रान मोकळं करतात. तिथं मेंढरं चरतात आणि रात्री खुंट्यांना बांधलेल्या जाळीच्या कुंपणात बसतात. मेंढरांच्या लेंडीचं, मुताचं खत रानाला मिळतं, आम्हाला चारा आणि ज्वारी मिळते. याला मेंढरं बसवणं म्हणतात. आबासाहेबांच्या शिवारात आमची मेंढरं माझ्या आज्यापासून बसायची. पोलीस ॲक्शन झाली, रझाकारांचा धाक सरला, लोक पुन्हा आपापल्या रानात आले, त्या साली आज्यानं तिथं पहिल्यांदा जाळी ठोकली. बा हे असं सांगायचा, जणू सातबाऱ्यावर आमचंही नाव लागलं होतं.

बॉक्सिंगमध्ये मी माझ्या पायांनी गेले नाही. मला धाडली.

झालं असं की बायकांचंही बॉक्सिंग आता देशात सुरू होणार, जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरी मागवणार, अशी बातमी आली. आबासाहेब हुशार माणूस. शहरात बंगला, गावात ऊस. त्यांनी बरोबर हेरलं. नवा खेळ आहे, पोरी मिळत नाहीत, गर्दी नाही. राज्यापर्यंत पोरगी गेली की पुढं नोकरीला खेळाडूंची जागा आहेच. त्यांनी वैशालीला सरांच्या हवाली केलं. पण सरांकडं सगळी पोरं. आबासाहेबांच्या लेकीच्या अंगाला हात लावायला एक पोरगा तयार होईना. मग आबासाहेब आमच्या जाळीपाशी आले. बाला म्हणाले, "तुझी पोरगी धाड. वैशूला जोड पायजे."

बा म्हणाला, "धाडतो की मालक."

मला कुणी विचारलं नाही.

तालीम म्हणजे एका बंद पडलेल्या जिनिंगचा हॉल होता. पहिल्या दिवशी सरांनी मला आधी नळावर पाठवलं. "साबण लावून हात धू. कोपरापर्यंत. मेंढराचा वास येतो." मी धुतले. आतल्या भिंतीवर खिळे होते, त्यांवर सगळ्यांचे ग्लोव्ह्ज टांगलेले. माझ्यासाठी खिळा दाराजवळ, वेगळा. त्यावरचे ग्लोव्ह्ज पोरांनी वापरून टाकून दिलेले, आतला कापूस बाहेर आलेला. त्यांना दुसरं कुणी हात लावायचं नाही आणि मी दुसऱ्यांच्या ग्लोव्ह्जना हात लावायचा नाही. हे कुणी बोलून दाखवलं नाही. खिळाच सांगत होता.

हॉलमध्ये ठोसे मारायची पिशवी होती. ती फाटली. नवी कधी आणणार असं एका पोरानं विचारलं तर सर हसून माझ्याकडं बोट दाखवत म्हणाले, "ही हाय की."

मी पिशवी होते. वैशालीनं मारायचं, मी हात वर धरून अडवायचं, मागं सरायचं. मी उलटा हात टाकला की सरांची शिट्टी वाजायची. "हात राख गं! तुझं काम हात राखायचं." घरी गेल्यावर माय दंडावरचे काळे-निळे डाग बघायची आणि हळद-तेल चोळायची. म्हणायची, "एडक्याच्या टकरीत घातली व्हय रं पोरीला?" बा ऐकून न ऐकल्यासारखा करायचा.

पण एक गोष्ट त्यांनी धरलीच नव्हती. मार खाणारी बघते. तिला बघण्यावाचून दुसरं काम नसतं. वैशाली उजवा हात टाकण्याआधी खांदा उचलायची. दमली की डावा हात हनुवटीवरून खाली यायचा. पोरं कसे पाय हलवतात, सर त्यांना काय सांगतात, सगळं मी दाराजवळच्या खिळ्यापाशी उभी राहून उचललं. मग मेंढरांमागं फिरताना एकटीनं करायची. काठी बाजूला टाकायची आणि हवेत मारायची. मेंढरं चरत राहायची. त्यांना काही फरक पडत नव्हता. मला पडत होता. मला ते आवडायला लागलं होतं. इतकं काहीच कधी आवडलं नव्हतं.

बायकांसाठी तेव्हा कशाचीच सोय नव्हती. छातीला लावायचं कवच आम्ही डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं. मायनं चादरीची पट्टी फाडून आवळून बांधली. पोर गरोदर नाही असं डॉक्टरकडून लिहून आणायला लागायचं. मला आणि मायला त्या दवाखान्यात ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला ठोशांपेक्षा जास्त लागली. येणारा-जाणारा सांगायचा, पोटात मार बसला तर पोरगी वांझ होईल. वैशालीलाही हे ऐकावं लागायचंच. तेवढ्यापुरत्या आम्ही सारख्या होतो.

लढतीच्या दिवशी सकाळी बा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आज वैशूताईसंगं हाय ना तुझं?"

"व्हय."

"लागू देऊ नको तिला."

"बा, खेळच मारायचा हाय."

"ते कळतं मला. म्हणून तर सांगतो. हात राखून." काटा निघाला. त्यानं तो बोटावर धरून बघितला आणि टाकून दिला. "आपली मेंढरं कुणाच्या रानात बसत्यात, तेवढं ध्यानात असू दे."

बाला नेहमीच कशाची ना कशाची भीती असायची. ही तशातलीच, असं मी मनाला सांगितलं. आणि मग रिंगमध्ये रांगत जाऊन तो फेटा बघितला. तेव्हा कळलं की सर, आबासाहेब, पंच, माईकवाला, सगळ्यांचं ठरलंय. आणि बालाही सांगून झालंय. कुस्तीत याला नुरा म्हणतात, ठरवून केलेली लढत. पण नुरा कुस्तीत निदान दोन्ही पैलवानांना माहीत असतं. मला कुणी त्या लायकीचंही धरलं नव्हतं. मेंढराला काय विचारायचं, हाकलायचं.

सत्कार झाले. आबासाहेब आणि काकीसाहेब जीपमध्ये बसून लग्नाला गेले. वैशालीनं फेटा काढून खुर्चीवर ठेवला. सरांनी ओटीचं गाठोडं बांधून माझ्या स्टुलाखाली सरकवलं. घंटा वाजली.

पहिला राउंड मी मार खाल्ला. अंगाला सवयच ती. वैशालीचा खांदा उचलला की मी हात धरायची, मागं सरायची. मंडपातून शिट्ट्या, टवाळ्या. कुणीतरी ओरडलं, "झिंज्या धरा की!" राउंड संपला. सर माझ्या कोपऱ्यात आले. पाणी दिलं. कानाशी बोलले.

"शाब्बास. असंच. आता जरा धापा टाक. पोरगी थकली असं वाटाया पायजे."

मी स्टुलावर बसले होते. टाचेला नारळ लागत होता. समोर खुर्चीवर तो गुलाबी फेटा. मागं, मंडपाच्या कडेला, बा. डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलेलं. देवळात बसावं तसा बसला होता. माझ्याकडं बघत नव्हता.

मला त्याचा राग आला नाही. त्याची कीव आली, आणि कीव आली याचा राग आला. आज्यानं जाळी ठोकली. बानं जाळी ठोकली. आता माझ्या हातांनाही जाळीच लावायची? माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. रान नव्हतं, शाळा चौथीत सुटलेली. एवढे दोन हात तेवढे मी स्वतःच्या मेहनतीनं शिकवलेले. तेही यांना राखून हवे होते.

दुसरी घंटा वाजली. वैशालीनं खांदा उचलला. या वेळी मी मागं सरले नाही. तिचा हात माझ्या कानावरून गेला आणि माझा डावा तिच्या तोंडावर सरळ बसला. मग उजवा. मग परत डावा.

मंडप गप झाला.

"हात राख!" माझ्याच कोपऱ्यातून आवाज आला. "ए, हात राख! हात राख म्हणतो ना!" लढणाऱ्याच्या कोपऱ्यातून मार, मार असं ओरडतात. माझा कोपरा मला थांब म्हणत होता.

मागच्या बाजूला रिक्षावाले उभे होते. त्यांच्यातला एक ओरडला, "क्या मारी रे छोरी!" आणि मग हसणारी माणसं वेगळंच ओरडायला लागली. वैशालीच्या नाकातून रक्त आलं. पंचानं मला बाजूला लोटून अंक मोजले. ती पडली नाही, उभीच राहिली. ती रडली नाही, हे सांगायला पाहिजे. डोळ्यांत पाणी होतं, पण हात वर घेतले आणि अंगावर आली. शेवटचा राउंड ती खरंच लढली. तिनं मला एक असा दिला की अजून थंडीत जबडा दुखतो. मला आनंद झाला. तो मारला म्हणूनही आणि खाल्ला म्हणूनही. पिशवीला कुणी असं मारत नाही. असं माणसाला मारतात.

पंचानं आम्हा दोघींचे हात धरले. माईकवर नाव आलं आणि वैशालीचा हात वर गेला. तिनं स्वतःच्या वर गेलेल्या हाताकडं बघितलं, दुसऱ्याचा असावा तसं.

रिक्षावाल्यांनी बोंब मारली. थोडा गलका झाला, मग पुढच्या लढतीची पोरं आत आली आणि गलका विरला. असा विरतोच.

मी स्टुलाखालचं गाठोडं दोन्ही ग्लोव्ह्जमध्ये धरून बाहेर काढलं आणि खाली उतरले. सर पुढच्या रांगेत खुर्चीवर जाऊन बसले होते. रागानं लाल. काही बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, "सर, मांडी नीट करा."

"काय?"

मी गाठोडं त्यांच्या मांडीवर उपडं केलं. तांदूळ, खण, हळकुंड, नारळ. "तुमची ओटी भरली. आता नांदायला तुम्हीच जावा आबासाहेबाकडं."

आजूबाजूचे हसले. त्या दिवशी पहिल्यांदा मंडप दुसऱ्या कुणाला हसला. सर उठले, त्यांच्या मांडीवरचा नारळ खाली पडला. त्यांनी हात उगारला. मग माझ्या हातात अजून ग्लोव्ह्ज आहेत हे त्यांना दिसलं. हात खाली गेला. ते ग्लोव्ह्ज मी परत दिले नाहीत.

मंडपामागं पाण्याचं पिंप होतं, तिथं वैशाली नाकाला कापूस लावून उभी होती. फेटा काखेत. म्हणाली, "सरावात तू असं कधीच मारलं नाहीस."

"मारू देत नव्हते."

"कोण?"

मला हसू आलं. मग तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि हसू गेलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"मला वाटायचं, मी चांगली खेळते," ती म्हणाली.

"चांगली खेळतीस. पण तुला कुणी मारलंच नाय ना कधी."

तिनं नाकाचा कापूस काढून टाकला. "थांब, मी आबांना सांगते," म्हणाली आणि गेली. सांगितलं की नाही मला माहीत नाही. राज्याच्या स्पर्धेला तीच गेली. पहिल्याच लढतीत हरून आली असं कानावर आलं. पुढं खेळाडूंच्या जागेवर तिला सरकारी नोकरी लागली. आबासाहेबांचा हिशेब बरोबर निघाला.

त्या उन्हाळ्यात आमची मेंढरं त्या शिवारात बसली नाहीत. पोलीस ॲक्शनपासून पहिल्यांदा. आबासाहेबांनी भांडण केलं नाही. गड्याकडून निरोप धाडला की यंदा खत नको. बानं जाळी गुंडाळली, खच्चरावर टाकली आणि गोदावरीच्या पलीकडं, जिथं आम्हाला कुत्रंही ओळखत नव्हतं, तिकडं मेंढरं नेली. चाऱ्यावाचून त्या वर्षी कोकरं गेली. बा मला एका शब्दानं बोलला नाही. तसा पुढंही बोललाच नाही फारसा. मारलंस ते बरं केलंस, एवढं एकदा तरी म्हणेल म्हणून मी वाट बघितली. तो मरेपर्यंत बघितली. नाही म्हणाला.

खोटं कशाला बोलू, त्या लढतीनं माझं काही भलं झालं नाही. सरांच्या तालमीचं दार बंद झालं. दुसरी तालीम शहरात पोरींना घेत नव्हती. मी रिंगमध्ये पुन्हा उतरले नाही. लग्न झालं, मोडलं, मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत आले, कंपनीत लागले. पुढं कधीतरी टीव्हीवर बायका बॉक्सिंगची पदकं घेताना दिसायला लागल्या आणि गल्लीतल्या दोन पोरी विचारत आल्या, मावशी, तुम्हाला येतं म्हणे. मी ट्रंकेतून ते ग्लोव्ह्ज काढले.

आता स्टेशनापासून जवळच एक पत्र्याचं शेड आहे, तिथं आमचा वर्ग चालतो. धुणीभांडी करणाऱ्यांच्या, हमालांच्या, रिक्षावाल्यांच्या पोरी. भिंतीला एक लांब दोरी आहे, सगळ्यांचे ग्लोव्ह्ज तिच्यावरच. खिळा मी एकही ठोकू दिलेला नाही. शेड इथल्या एका पुढाऱ्याचं. त्यानं वापरू दिलं, आम्ही वापरतो.

परवा तो पुढारी घरी आला. चहा घेतला. म्हणाला, "ताई, तुमच्यासारख्या जुन्या खेळाडूचा सत्कार करायचाय आम्हाला. शहरातल्या पहिल्या महिला बॉक्सर तुम्ही. शाल, श्रीफळ, साडी-चोळी." जुनं जनावर हाकारा ओळखतं. मग मूळ गोष्ट आली. त्याच्या भावाची पोरगी बॉक्सिंग शिकतेय, लई गुणी हाय, पुढच्या रविवारी निवड हाय. वजनात जोड मिळंना. "तुमच्या पायलला उतरवा की. फक्त जरा सांभाळून खेळ म्हणावं. पोरगी नाजूक हाय."

पायल म्हणजे शेडमधली माझी सगळ्यांत तयार पोरगी.

"शेड तर तुमचंच हाय, ताई," तो म्हणाला. कप खाली ठेवला आणि गेला.

त्या क्षणी मला बा कळला. इतक्या वर्षांनी. त्यानं मेंढीचा पाय धरून मान का वर केली नव्हती, पागोटं काढून का बसला होता. माझ्याही डोळ्यांपुढं शेडमधल्या सगळ्या पोरी आल्या. एकीनं हात राखला तर बाकीच्यांच्या डोक्यावर छप्पर राहतं. किती साधा हिशेब. आणि मी किती दमलेय. हो म्हटलं असतं तर मला कुणी नावं ठेवली नसती. पायलही ऐकली असती. माझ्या शब्दाबाहेर नाही ती.

बा मला कळला. पण कळला म्हणून मी बा होणार नाही.

दुसऱ्या दिवशी पायलला बसवून सगळं सांगितलं. शेडचं, पुढाऱ्याचं, सत्काराचं. माझ्यापासून सगळ्यांनी लपवलं ते मी हिच्यापासून लपवणार नव्हते. ती पट्ट्या गुंडाळत ऐकत होती.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. तू मारलंस की शेड जाणार."

"मग सराव कुठं करायचा?"

"फलाटाच्या टोकाला मोकळं रान हाय."

"तिथं लोक बघतेत मावशी. हसतेत."

"हसू दे," मी म्हटलं. "मला सवय हाय. तुलाबी होईल."

तिनं पट्टीची गाठ मारली. उठून दोरीवरचे ग्लोव्ह्ज काढायला गेली.

रविवारी ती रिंगमध्ये उतरेल. तिच्या कोपऱ्यात मी असेन. दिवसभर उभं राहून गुडघे कामातून गेलेत, म्हणून स्टूल मागेन. नाही दिलं तर उभी राहीन. नारळ घेऊन कुणी दोऱ्यांतून आत यायला लागलं तर तिथंच अडवीन, मग तो कुणीही असो. सोमवारी शेडला कुलूप लागेल, हे मी धरून चाललेय. आणि घंटा वाजली की तिला तिच्या कोपऱ्यातून एकच शब्द ऐकू येईल, जो मला माझ्या कोपऱ्यातून कधी ऐकू आला नाही.

मार.